देखणे तेवढे मेले

१

सातही गेले होते.

एल्योर-आकाने, म्हणजे आमच्या एल्योरदादाने, सातवा स्फटिक यंत्रावरून उतरवला, खुर्ची मागे ढकलली आणि कपाळावरचा घाम पुसला. ताश्कंदमध्ये मार्च संपताना कुणाला घाम येत नाही.

"सर्विनोज, इकडे ये. तूच बघ. मी सांगितलं तर म्हणशील, एल्योर थट्टा करतोय."

झुमरादला कडेवर घेऊन मी पडद्यासमोर गेले. चांगल्या स्फटिकातून क्ष-किरण आरपार गेले की पलीकडे ठिपके उमटतात. टाचणीच्या टोकाएवढे, रेखीव, रांगेत. आत रेणू किती शिस्तीत उभे आहेत हे त्या ठिपक्यांवरूनच कळतं. नवरोजच्या आधी याच बाटलीतल्या एका लहानशा खड्याचे ठिपके आम्ही पाहिले होते आणि आमच्या म्हाताऱ्या प्राध्यापकांनी, दोमलांनी, सगळ्या मजल्याला मनुका वाटल्या होत्या. मग यंत्राची नळी जळाली, नवी यायला सण उलटला. आज ती बसवली, आणि आज पडद्यावर ठिपके नव्हतेच. ओल्या शाईवरून कुणी बाही फिरवावी तसे फराटे होते.

"सांडलं," झुमराद म्हणाली. ती अडीच वर्षांची आहे. सांडासांडीतलं तिला कळतं.

"नळी नीट बसली नसेल," मी म्हणाले. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"नळी उत्तम आहे. बाटलीच्या तळाचे वेडेवाकडे दोन लावून पाहिले, ते ठणठणीत आहेत. हे सात तेवढे गेलेत. मोठे, चकचकीत, दोमलांनी स्वतः निवडलेले."

माझ्या भीतीचं कारण माझ्या कडेवर होतं. बालवाडीत झुमरादचा नंबर लागलेला नाही, सासूबाई फर्गान्यात, नवरा दिवसभर कारखान्यात. म्हणून ती माझ्याबरोबर प्रयोगशाळेत येते. उपसंचालक रहिमबोएव यांना हे पसंत नाही. त्यांनी मला एकदाच आणि शांतपणे सांगितलं होतं, की मुलीच्या हातून काही बिघडलं तर मुलगी बाहेर. मुलगी बाहेर म्हणजे मी बाहेर, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

"आका, ती स्फटिकांच्या कपाटाला हात लावत नाही. मी नजर काढत नाही हो तिच्यावरून."

"माहीत आहे मला. थांब, तुझे ते तीन राहिलेत." त्याने माझी काचपट्टी उचलली. सुटे म्हणून मी बाजूला काढलेले तीन स्फटिक तिच्यावर तेलाच्या थेंबात बसले होते. त्यातला एक त्याने सुईच्या टोकावर चढवला, यंत्राचं दार लावलं.

पडद्यावर ठिपके आले. नुसते आले नाहीत, असे लखलखीत आले की एल्योर-आकाने शीळ घातली. मग त्याने दुसरा लावला, तिसरा लावला, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"सर्विनोज," तो म्हणाला, "दोमलांचे सात मेले आणि तुझे तीनही जिवंत आहेत. हे बाहेर कसं दिसेल, ठाऊक आहे ना?"

२

ओरिफ दोमला खोलीत आले की आधी चहाची चौकशी करतात. आजही त्यांनी, "पोरी, चहा झाला का?" असं विचारलं, आमचे चेहरे पाहिले आणि टोपी न काढताच बसले.

स्टेपच्या गवताळ माळावरच्या एका पिवळ्या मुळाच्या मागे या माणसाने जन्म घालवलाय. त्या मुळातल्या रंगापासून त्यांनी एक नवा रेणू बांधला होता आणि त्याची रचना क्ष-किरणांनी पाहायची तेवढी राहिली होती. उन्हाळ्यात ते निवृत्त होणार. मला वाटलं होतं ते ओरडतील. त्यांनी फक्त, "सातही?" असं विचारलं.

"सातही," एल्योर-आका म्हणाला.

"निवडून निवडून मारलेत," दाराकडून आवाज आला. ल्युद्मिला पावलोव्ना किम हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभ्या होत्या. हे स्फटिक त्यांनी वाढवले होते, संबंध हिवाळा. "देखणे तेवढे मेले. कुरूप जिवंत. ज्याने हे केलं त्याला स्फटिकातलं कळतं."

त्यांच्या पाठोपाठ उपसंचालक आले. ल्युद्मिला पावलोव्नांचा आवाज जिन्याच्या खालपर्यंत जातो.

"नवरोजच्या मेजवानीच्या दिवशी ते उत्तम होते," रहिमबोएव म्हणाले. "मी स्वतः पाहिलेत भिंगाच्या नव्या दिव्याखाली. फोटो काढलेत. सोन्याच्या कणांसारखे दिसत होते. त्या दिवशी मी पाहिलं, पन्नास पाहुण्यांनी पाहिलं. म्हणजे जे झालं ते मेजवानीनंतर झालं. नंतर या खोलीत कोण होतं?"

मीच होते. सगळे अंगणात सुमलकच्या, म्हणजे गव्हाच्या मोडांच्या सणाच्या खिरीच्या कढईभोवती गात होते आणि झुमरादला झोप आली म्हणून मी तिला इथे कोटावर निजवलं होतं.

"शनिवारी मला उत्तर हवंय," ते म्हणाले. मग झुमरादकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "माझं लेकराशी वैर नाही, सर्विनोज. पण ही प्रयोगशाळा आहे."

ते गेल्यावर दोमलांनी टोपी काढली. "कोण शोधेल?"

"मी यंत्र सोडू शकत नाही," एल्योर-आका म्हणाला.

"मी शोधलं तर मी कुणाला जिवंत सोडणार नाही," ल्युद्मिला पावलोव्ना म्हणाल्या.

"मग सर्विनोज शोधेल."

"दोमला," एल्योर-आकाने घसा साफ केला, "म्हणजे संशयितालाच तपास द्यायचा?"

"तिला सगळ्यांत जास्त गरज आहे," दोमला म्हणाले. "शिवाय ती दोन वर्षं एका मुलीवर नजर ठेवून आहे. तुझी नजर एका यंत्रावर ठरत नाही. नळी कशी जळाली, सांगू का त्यांना?"

मला हसू यायला हवं होतं. पण मी झुमरादची बोटं पाहत होते. नखांच्या खाली काहीतरी पिवळं होतं.

३

ते गाजर होतं, आमच्याकडचं पिवळं. ल्युद्मिला पावलोव्नांनी तिखट न घालता तिच्यासाठी वेगळी काढून ठेवलेली गाजराची कोशिंबीर. बोटं धुतली, वास घेतला, पुन्हा धुतली. मग त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"विचार," त्या म्हणाल्या. "माझ्यावर संशय घ्यायला तुला लाज वाटेल म्हणून मीच सांगते. दोमला सगळ्या पाहुण्यांना म्हणतात 'माझे स्फटिक'. वाढवले कुणी? मला राग आहे. लिहून घे."

"राग आला म्हणून कुणी आपलीच लेकरं मारत नाही, ल्युद्मिला पावलोव्ना."

त्यांनी पेल्यात चहा ओतला. थोडासाच. आमच्याकडे पेला अर्धाच भरतात, म्हणजे पाहुणा पुन्हा मागतो.

"बूच सैल राहिलं असेल का? सुकले असतील?"

"सुकले तर आधी छोटे सुकतात. त्यांच्यात असतंच किती."

"ऊन?"

"खिडकी उत्तरेला आहे, बाटली तपकिरी आहे आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे. नातवंडांना इतकं जपलं नाही. मेजवानीच्या दिवशी तेवढे दोमलांनी सात बाहेर मागितले, सकाळी. संध्याकाळी माझ्या हातात परत दिले." मग त्यांचा सूर चढला. "आणि तू बोलू नकोस. आदल्या दिवशी तुझे तीन निवडायला बसलीस आणि दिवा दिवसभर चालू ठेवून गेलीस. वर तो हलव्याच्या डब्याचा पिवळा जिलेटिन कागद गुंडाळलेला. नव्या दिव्याला. पेटला असता म्हणजे?"

"झुमराद दिव्याकडे टक लावून बघत होती. तिच्या डोळ्यांना त्रास होईल म्हणून लावला. मग ती पडली, रडली, आणि मी विसरले."

"आई झालीस की डोकं अर्धं जातं," त्या म्हणाल्या, पण पेला पुन्हा भरून दिला.

एल्योर-आका यंत्राच्या खोलीत शेंगदाणे खात होता. "माझ्याकडे तर मारायचं उघड कारण आहे," तो म्हणाला. "हे मेले तर यंत्रावर माझ्या नमुन्यांचा नंबर आधी लागतो. म्हणजे मी पहिला संशयित. पण मला मारायचे असते तर क्ष-किरणांखाली विसरून गेलो असतो ना. माझ्या विसराळूपणावर कुणी संशय घेतला नसता."

"खोलीतला हीटर?"

"तो हिवाळ्यापासून बंद आहे. कारण मी तो बिघडवलाय." त्याने शेंगदाण्यांची वाटी झुमरादपुढे धरली, आणि मी ती पुढे यायच्या आत उचलून घेतली. लहान मुलांच्या घशात शेंगदाणे अडकतात. "अरे, तू तर गरुड आहेस. मग गरुडासारखी मेलेल्यांकडे बघ ना. आतापर्यंत नुसतं जिवंत माणसांनाच विचारत फिरतेयस."

बरोबर होतं त्याचं. सातही स्फटिक मी भिंगाखाली घेतले. सुईचा ओरखडा नव्हता. बोटाचा ठसा नव्हता, आणि झुमरादच्या हातात सापडले असते तर एवढे अखंड राहिलेच नसते. पण वरच्या अंगावर केसाहून बारीक रेषा होत्या. जुन्या चिनी मातीच्या पेल्यावर येतात तशा. नुसत्या नजरेला दिसल्याच नसत्या. मी एकेक उलटा केला.

खालचं अंग गुळगुळीत होतं.

पुन्हा उलटा केला. आता आणखी एक दिसलं. तडे होते त्या अंगाचा पिवळा रंग उतरला होता. सातही स्फटिकांचं एकच अंग फिकट होतं, आणि खालून ते तसेच गर्द होते. ज्याने कुणी हे केलं, त्याने सातही जणांना फक्त वरूनच मारलं होतं, आणि हात न लावता.

४

संध्याकाळी समरकंदहून माझ्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. नसीबाला बाळ झालं होतं आणि त्याला कावीळ म्हणून रुग्णालयात निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं. मी चार दिवस तिला रोज काय काय विचारून छळलं होतं.

"आलो घरी आज," ती म्हणाली. "आणि बघ तुझा भाचा कसा दिसतोय." तिने फोन बाळावर धरला.

बाळ गाढ झोपलं होतं. अंग छान गुलाबी, पण डोळ्यांभोवती रुंद पिवळा पट्टा.

"हे काय? डोळ्यांत उतरली का कावीळ? डॉक्टरांना दाखवलंस?"

"आपा, तू म्हणजे ना. दिव्याखाली डोळ्यांवर पट्टी बांधतात. जिथे उजेड पडला तिथली कावीळ गेली, पट्टीखालची राहिली. जाईल तीही. नर्स म्हणाली, निळा उजेड त्या पिवळ्या रंगाचा आकारच बदलून टाकतो. म्हणून बाळाला पालथं पण घालावं लागतं, नाहीतर एकाच बाजूने उतरेल. एकदा मला डुलकी लागली तर हा पुढून गोरा आणि मागून जर्दाळू. ऐकतेयस का तू?"

मी ऐकत होते. माझ्या हातातला चमचा झुमरादच्या तोंडासमोर तसाच थांबला होता आणि ती तोंड उघडून वाट बघत होती.

पिवळा रंग. एकाच अंगाने उतरलेला. वरून.

"आपा? रडतेयस का?"

"नाही गं. बाळाची दृष्ट काढ. मी नंतर बोलते."

पांढरा दिसतो तो नवा दिवा. नवरोजची भेट म्हणून दोमलांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी आणलेला. आधीचा जुना बल्ब शेकोटीसारखा पिवळट होता. हा नवा डोळ्यांत घुसतो, कारण या पांढऱ्या दिव्यांत निळं ठासून भरलेलं असतं. हिवाळाभर आम्ही स्फटिक त्या जुन्याखालीच पाहिले होते. नवा लागला तो सणाच्या तोंडावर. आणि सणाला काय झालं होतं?

सुमलकची वाटी घेऊन पाहुणे आले. आमच्याकडे पाहुणा दारात आला की घरात असेल नसेल त्यातलं सगळ्यात चांगलं त्याच्यापुढे येतं. वेडंवाकडं, उरलंसुरलं नाही. चांगलं तेच. दिवसभर एक पाहुणा उठत होता, दुसरा भिंगाशी बसत होता, आणि एक माणूस दरवेळी आनंदाने दिवा आणखी मोठा करत होता, नीट दिसावं म्हणून.

त्याने सात मारले होते, आणि त्याला ते ठाऊक नव्हतं.

मी झुमरादच्या तोंडात चमचा घातला. आता मला कळलं होतं, आणि ते ज्यांना सांगायचं त्यांच्यासमोर मी आजवर आवाजसुद्धा चढवला नव्हता.

५

सांगण्याआधी खात्री हवी. दुसऱ्या दिवशी मी एल्योर-आकाला गाठलं आणि बाटलीच्या तळाचे तीन कुरूप खडे मागितले.

"कशाला?"

"एकाला आपण मारणार आहोत."

"शेवटी कबूल केलंस," तो म्हणाला आणि लगेच बाटली घेऊन आला.

पहिला खडा आम्ही डब्यात बंद केला. दुसरा नव्या दिव्याखाली ठेवला, दिवा पूर्ण मोठा करून. तिसराही त्याच दिव्याखाली, पण मेजवानीच्या आदल्या दिवशी होता तसा पिवळा जिलेटिन कागद मध्ये धरून. हलव्याचा डबा ल्युद्मिला पावलोव्नांनी फेकला नव्हता. त्या काहीच फेकत नाहीत.

दुसऱ्याला फार वेळ लागला नाही. आमचा चहा होईपर्यंत त्याच्या वरच्या अंगावर पहिली रेष उमटली. मी भिंगातून पाहत होते. रेष सरकली, फुटली, तिला फाटे फुटले. इतकी शांतपणे, की मला त्या खड्याची दया आली.

"आई गं," एल्योर-आका म्हणाला. यंत्रावर लावला तर फराटे. तेच, ओळखीचे.

डब्यातल्या पहिल्याचे ठिपके नवरोजच्या आधी होते तसेच आले.

तिसरा आम्ही दिवसभर कागदाखाली ठेवला. त्याचाही रंग उतरला होता, पण सगळीकडून सारखा. तडा एकही नव्हता. यंत्रावर लावल्यावर ठिपके आले ते माझ्या त्या तीन स्फटिकांसारखे, लखलखीत.

"झालं तर," मी म्हणाले. "कागद निळा उजेड अडवतो. म्हणून माझे वाचले. मी काही केलं नाही, झुमरादने काही केलं नाही." मी झुमरादच्या केसांतून हात फिरवला.

एल्योर-आका पडद्याला नाक लावून बसला होता. पहिल्या खड्याचं चित्र त्याने शेजारी आणलं. मग माझ्या काचपट्टीवरच्या तिघांचं.

"सर्विनोज, रंग उतरलाय म्हणालीस ना? मग हा वाचलेला नाही." त्याने बोट ठेवलं. "ठिपके सुंदर आहेत, पण जागेवर नाहीत. सगळे थोडे थोडे सरकलेत. घर तेच, भिंती हलल्यात. आणि तुझे तीनही असेच. काल मी नुसत्या लखलखाटाला भुललो, मोजून बघितलंच नाही."

"म्हणजे तेही मेलेत?"

"मेलेले असे दिसत नाहीत. पण मग जे आहे ते दोमलांचा रेणू नाही." तो माझ्याकडे वळला. "पूर्ण मोजणी लावतो. उद्या शनिवार, दुपारपर्यंत यंत्र सांगेल काय आहे ते. तोवर रहिमबोएवना काय सांगणार आहेस?"

६

शनिवारी दस्तरखान, म्हणजे जेवणाची चादर, अंथरलं दोमलांनीच. पाव, मनुका, अक्रोड, सणाची उरलेली सुमलक. रहिमबोएव कोट न काढता बसले. ल्युद्मिला पावलोव्ना दाराशी, म्हणजे कुणी पळू नये. एल्योर-आका शेजारच्या खोलीत, यंत्राचं शेवटचं गणित संपायची वाट बघत, पण दार उघडं टाकून.

"सांग पोरी," दोमला म्हणाले. "कोण आहे?"

मी किटली हातात घेतली. हात रिकामे असले की मला बोलता येत नाही.

"माणूस नाही, दोमला. उजेड आहे." मी पेले भरत गेले. "वाळून मेले असते तर आधी लहान मेले असते. गरम होऊन मेले असते तर सगळ्या बाजूंनी तडकले असते. कुणाच्या हातून गेले असते तर तुटले असते, ओरखडले असते. हे फक्त वरच्या अंगाने तडकलेत, आणि तिथलाच रंग उतरलाय. नव्या दिव्यात निळा उजेड भरपूर आहे. काल आम्ही एक खडा त्याच्याखाली ठेवून पाहिला. चहा होईपर्यंत गेला."

"उजेडाने दगड फुटतो?" रहिमबोएव म्हणाले. ते स्वतः हिशेबतपासनीस होते, रसायनाचे नव्हेत.

मी दस्तरखानाकडे पाहिलं. "समजा, दोन्हीकडे पाहुणे समोरासमोर बसलेत. रेणू तसे बसलेले असतात. निळा उजेड पडला की समोरासमोरचे दोघं उठून एकमेकांना मिठी मारतात आणि ती सुटत नाही. आता वरच्या टोकाला सगळ्यांनी एकदम मिठ्या मारल्या आणि खालच्या टोकाला कुणाला पत्ताच नाही, तर काय होईल? चादर ओढली जाईल. पेले कलंडतील, रांग मोडेल. क्ष-किरणांना रांग लागते. रांग मोडली की ठिपक्यांचे फराटे होतात."

"पण आदल्या दिवशी तुझ्या तिघांवरही दिवसभर दिवा होता," ल्युद्मिला पावलोव्ना म्हणाल्या.

"पिवळ्या कागदाखालून. तिखट निळा अडला, जो हलकासा उजेड उरला तो वरच्यावर संपला नाही, पार तळापर्यंत गेला. मिठ्या पडल्या, पण इथे एक, तिथे एक, सगळ्या दस्तरखानभर, सावकाश. रांग सरकत गेली आणि टिकली."

"मग दोमलांचे सात त्या दिव्याखाली कधी होते?" रहिमबोएवनी विचारलं.

मी किटली खाली ठेवली. हे वाक्य मी रात्रीपासून वेगवेगळ्या शब्दांत मांडून पाहिलं होतं आणि एकही शब्द जमला नव्हता.

"आपल्याकडे पाहुण्याला चांगलं तेच दाखवतात," मी म्हणाले. "वेडंवाकडं बाटलीत राहतं."

झुमराद अक्रोड फोडायची खटपट करत होती. दोमला टोपीशी चाळा करत होते. मग त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं, म्हातारा रडतोय, मी उठलेसुद्धा. पण ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"म्हणजे मी," ते म्हणाले. "आयुष्यभर त्यांच्या मागे फिरलो आणि सापडल्यावर पाहुण्यांना खाऊ घातले."

"तुम्ही एकटे नाही, दोमला," शेजारच्या खोलीतून एल्योर-आका म्हणाला. "सगळ्यात मोठ्या खड्यावर सगळ्यात जास्त वेळ दिवा कुणी धरला होता, फोटोंसाठी? पूर्ण मोठा करून?"

रहिमबोएवनी मनुकांकडे पाहिलं. ते थोडे खोकले. "संस्थेच्या वेबपानासाठी काढले होते मी ते."

"छान आलेत," ल्युद्मिला पावलोव्ना म्हणाल्या. "मरतानाचे आहेत, पण छान आलेत."

तेवढ्यात एल्योर-आकाने हाक मारली आणि सगळे पेले तसेच सोडून आत गेले. पडद्यावर चित्र तयार होत होतं. एकेक अणू, छोट्या गोलासारखा, आपल्या जागी येऊन बसत होता. एका बाजूला दोमलांचा रेणू. समोर दुसरा, तसाच. आणि दोघांच्या मध्ये, जिथे आधी मोकळी जागा असायची, तिथे चार अणूंचा एक लहानसा चौकोन. दोघांनी एकमेकांना धरलं होतं.

दोमला पडद्याच्या अगदी जवळ गेले. "हा मी बांधलेला नाही," ते हळूच म्हणाले. "बांधायला गेलो असतो तर दहा वर्षांत जमला नसता."

"आणि तुमचा स्वतःचा रेणूही कळेल," एल्योर-आका म्हणाला. "डब्यातल्या पहिल्या खड्यातून. कुरूप आहे, पण ठिपके सरळ आहेत. तो सोमवारी लावतो. अंधारात."

"वाढवले मी," ल्युद्मिला पावलोव्ना म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच जिन्यापर्यंत गेला नसता.

"वाढवले तुम्ही," दोमला म्हणाले, "मारले मी, आणि जोडले हिने."

"मी नाही हो. मी दिवा बंद करायला विसरले."

"कागद कुणासाठी लावला होतास?"

सगळ्यांनी झुमरादकडे पाहिलं. ती रहिमबोएव यांच्या कोटाच्या खिशात अक्रोडाची टरफलं भरत होती. मी धावले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"असू द्या," ते म्हणाले. टरफलांचा खिसा त्यांनी हाताने सांभाळला. त्यांच्यासारख्या माणसाला पुढचं वाक्य अवघड जात असावं. "बालवाडीत नंबर लागेपर्यंत ती इथे आली तर माझी हरकत नाही."

"आणि लागल्यावर?" दोमलांनी विचारलं.

"लागल्यावर बालवाडी सुटली की यावं. पण जमिनीवर बसवू नका तिला, फरशी गार असते."

सोमवारी त्यांच्या कचेरीतून एक छोटी लाकडी खुर्ची आली. झुमराद तिच्यावर बसत नाही. तिच्यावर तिने आपला एक बूट बसवलाय, आणि एल्योर-आका दुपारी त्या बुटाची परवानगी घेऊन गुडघे कानाला लावून बसतो. पण आमच्या संस्थेत प्रत्येक टेबलावर, कपाटावर, भिंगावर पांढऱ्या रंगाने मालमत्तेचा क्रमांक घातलेला असतो, आणि क्रमांक घातलेली वस्तू तिच्या खोलीतून कुणी हलवत नाही. आली तेव्हाच मी खुर्ची उलटी करून पाहिली. क्रमांक होता, आमच्याच खोलीचा, आणि रंग अजून ओला होता.